वाळतंय अजून!

उरवड्यात कुणाच्या घरी नेलआर्ट चाललंय हे ओळखायला आत डोकवावं लागत नाही. घरातला पुरुष ओट्याशी उभा राहून "साखरेचा डबा कुठला?" असं ओरडत असला, की आत वहिनी दहाही बोटं फाकवून बसली आहे, असं खुशाल समजावं.

ही वहिनी नक्की कुणाची, ते विचारू नये. मुळशीत वाडीवाडीला अशी एक असते आणि ती सगळ्यांचीच वहिनी असते. पार्लरचा कोर्स तिनं केलेला नसतो. तिचं सगळं दुकान फराळाच्या रिकाम्या डब्यात मावतं. लेकीच्या चित्रकलेच्या तासासाठी आणलेले आणि पुन्हा त्या तासाला कधीच न गेलेले अ‍ॅक्रिलिकचे रंग, शून्य नंबरचा ब्रश, एक चपटा ब्रश, संपलेली रिफिल, खोडरबरात खुपसलेली टाचणी. रंग कालवायला दुधाची कापलेली पिशवी. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई करायला घेतली, तिची पुढं कॅमलिन झाली. पण आपल्या बाटलीतली जास्वंद कुणाच्या तरी करंगळीवर उगवणार आहे, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

कामात मात्र वहिनी पक्की. आधी पारदर्शक कोट, त्यावर पांढरं नेलपेंट दोनदा, आणि ते खडखडीत वाळेपर्यंत कुणी कितीही घाई केली तरी ब्रश हातात नाही. नेलपेंटवर नेलपेंटनंच फूल काढायला गेलं तर खालचा थर विरघळतो आणि गुलाबाचा चिखल होतो. अ‍ॅक्रिलिक पाण्यात कालवायचा रंग. तो खालच्या थराच्या वाटेला जात नाही. पाकळी वाकडी गेली तर लगेच ओल्या कापसानं पुसायची, पांढरं जागच्या जागी. रिफिलच्या टोकानं पाच ठिपके, टाचणीनं प्रत्येक ठिपका मध्याकडे ओढायचा, मधोमध पिवळा थेंब: झालं फूल. गिऱ्हाईक जवळचं असेल तर चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला गुलाबी, दुसऱ्याला पांढरा रंग घेऊन एकाच फटकाऱ्यात दुरंगी पाकळी. पैसे ती सांगत नाही. "द्या काय द्यायचं ते," म्हणते, आणि दिलेल्याकडे अशी बघते की देणारी आणखी वीस रुपये काढते.

तिच्या स्वतःच्या डाव्या हातावर शेवंतीचा ताटवा असतो. उजव्या हातावर जे असतं ते डाव्या हातानं काढलेलं असतं. त्याला ती "मॉडर्न डिझाईन" म्हणते. बोलताना डावा हात पुढं, उजवा पदराआड. फोटोतसुद्धा.

या कलेचा खरा शत्रू हळद. पांढरा मोगरा दोन आमट्यांत सोनचाफा होतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की वहिनी नख उजेडात धरून शांतपणे सांगते, "चाफाच काढला होता मी." पंधरा दिवसांनी नख दीडेक मिलिमीटर पुढं सरकतं आणि मुळाशी कोरी जागा दिसायला लागते. तिथं ती हिरवं पान काढून देते. त्याचे पैसे वेगळे.

आता गुपित. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर पाचेक मिनिटांत वाळतो. वरचा चकचकीत कोट थोडा जास्त वेळ खातो. सगळं मिळून अर्धा तास म्हणजे डोक्यावरून पाणी. वहिनीच्या घरात मात्र नखं दोन तास वाळतात. त्या दोन तासांत चहा दुसरं कुणीतरी करतं, दूध दुसरं कुणीतरी उतरवतं, दारावर आलेल्याला पाणी दुसरं कुणीतरी देतं. डोकं दुखतंय म्हटलं तर "गोळी घे आणि भाकऱ्या टाक" असं सांगणारं घर, ओली नखं म्हटल्यावर मुकाट्यानं पीठ मळायला बसतं. कुणाकुणाच्या नवऱ्याला चौकोनी का होईना, पण पोळी जमू लागली आहे. शेजारणी वहिनीकडे फुलांसाठी येतात असं मला पूर्वी वाटायचं.

पुण्याच्या चांदणी चौकापलीकडच्या पार्लरांत जेल लावून दिव्याखाली हात धरला की मिनिटभरात नख कडक होतं. कंपनीत जाणाऱ्या एका पोरीनं हे कौतुकानं सांगितलं, तेव्हा वहिनीचा चेहरा पडला.

"मिनिटात? मग बायका बसायच्या कधी?"

आषाढात भातलावणी लागली की डबा फळीवर जातो. गुडघाभर चिखलात रोपं खोचणाऱ्या बोटांवर कुठलंही फूल टिकत नाही आणि तिथं "वाळतंय" म्हणायचीही सोय नाही. डबा खाली येतो तो थेट भाद्रपदात. गौरी यायच्या, पुरण शिजायचं, वाल सोलायचे. घरात कामाचा डोंगर, आणि नखं रंगवायला ओटीवर रांग.

सासूबाई इतके दिवस या प्रकाराकडे पाठ करून बसायच्या. मागं गौरी आणायच्या दिवशी त्या उठल्या, सुनेसमोर मांडी घालून बसल्या आणि हात पुढं केला.

"तेरडा काढ."

वहिनीनं जीव लावून तेरडा काढला. वरचा कोट दिला आणि सवयीनं म्हणाली, "आत्या, आता दोन तास कशाला हात लावू नका."

सासूबाईंनी एकदा वालाच्या टोपलीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"दोनच? आमच्या टायमाला मेंदी रातभर चढायची."