पेन अलग घ्या लागन, काकाजी

जून लागला की वर्ध्यात दोन खरेद्यांची चौकशी सुरू होते. एक पऱ्हाटीच्या बियाण्याची, दुसरी टॅबची. बियाण्याच्या दुकानात माणूस पाकीट उलटून बघतो, तारीख वाचतो, शेजाऱ्याला मागच्या साली किती निघालं ते खोदून विचारतो आणि तरी घरी जाऊन विचार करतो. टॅबच्या दुकानात तोच माणूस पेन हातात धरतो, काचेवर स्वतःची झोकदार इंग्रजी सही ठोकतो, 'वाऽ' म्हणतो आणि हप्ता किती बसतो ते विचारतो.

सही ही काही टॅबची परीक्षा नव्हे. सही कशावरही बरी दिसते, कारण ती कोणाला वाचायची नसते. पण दुकानदार तेवढंच करायला सांगतो. पुढचा संवाद बजाज चौकाच्या आसपास कुठेही ऐकायला मिळेल.

"याच्यासंगं पेन येते ना?"

"पेन अलग घ्या लागन, काकाजी."

"अन् कव्हर?"

"तेही अलगच."

"मंग डब्ब्यात काय येते, बाप्पा?"

"वायर येते ना!"

इथेच खरेदीचं गणित उलटं करायला हवं. हाताने नोट्स काढायच्या असतील तर आधी पेन निवडायचं, टॅब मागून येतो. आपण उलट करतो. पडदा किती इंच, कॅमेरे किती, आवाज कसा, हे सगळं बघून झाल्यावर पेनाचा विषय निघतो आणि तोवर खिशात दोनशेच उरलेले असतात. त्या दोनशेत जे मिळतं, त्याला दुकानात 'स्टायलस' म्हणतात. टोकाला रबर किंवा छोटी चकती असते. ते पेन नाहीच, ते खोटं बोट आहे. टॅबला ते आणि तुमचा तळहात सारखाच, त्यामुळे हात टेकला की कागदावर रेघोट्या, आणि हात अधांतरी धरून लिहिलं की अक्षर तापातल्या माणसाचं. खऱ्या पेनाला टॅब ओळखतो. पेन जवळ आलं की तो तळहाताकडे काणाडोळा करतो. निम्मे पैसे त्या काणाडोळ्याचेच असतात.

खऱ्या पेनातही जाती आहेत. सॅमसंगचं एस पेन जपानी वॅकॉम कंपनीच्या तंत्रावर लिहितं. पडद्याखाली बारीक तारांची जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनाला लागेल तेवढी वीज मिळते. लिहिण्यासाठी पेनात बॅटरी लागत नाही. २०२० साली आलेल्या टॅब एस ६ लाइटमध्ये हे पेन डब्यातच होतं, आणि माझ्या मते विद्यार्थ्यासाठी ही रीत सर्वांत सरळ: पेन डब्यात, चार्जिंगची कटकट नाही. अ‍ॅपलची पेन्सिल २०१५ साली आली. लिहिते सुरेख, त्यात वाद नाही. पण तिला बॅटरी आहे, आणि पहिली पेन्सिल आयपॅडच्या चार्जिंगच्या भोकात उभी खोचून चार्ज करायची होती. पुढे २०२२ मध्ये कंपनीने साध्या आयपॅडचं ते भोक बदललं आणि पेन्सिल जुनीच ठेवली. मग दोघांचं जुळावं म्हणून मध्ये एक ॲडॅप्टर. जगातल्या श्रीमंतांत गणल्या जाणाऱ्या कंपनीने एवढं केल्यावर आपल्या महावितरणच्या वायरमनला नावं ठेवायला तोंड उरत नाही.

पेन्सिलीवरून काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली आठवण इथे सांगायलाच हवी. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी काहीतरी शोधत होते. काय, तर जेमतेम दोन इंचांची पेन्सिल. मद्रासला प्रकाशक नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली होती, म्हणून हरवून चालणार नव्हती. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती काही चालली नाही. शेवटी तो तुकडा सापडला तेव्हाच जीव भांड्यात पडला. आता २०२४ च्या पेन्सिल प्रोमध्ये हरवली तर शोधून देण्याची सोय आहे. त्यासाठी अर्थात आधी पेन्सिल प्रो घ्यावी लागते.

जाहिरातीत पुढचा आकडा असतो ४०९६. दाबाच्या इतक्या पातळ्या पेनाला कळतात म्हणे. चित्रकाराला याचा उपयोग आहे, कबूल. पण बायोकेमिस्ट्रीच्या नोट्सना दोनच पातळ्या लागतात, लिहिलं आणि नाही लिहिलं. त्याऐवजी दुकानात उभ्या उभ्या मराठीत एक ओळ लिहून बघा. सही नको, ओळ. 'कृष्णा, दुष्काळ, तऱ्हा, ज्ञान, ऱ्हस्व' असलं काहीतरी, बारीक अक्षरात, रोजच्या वेगाने. पेनाचं टोक आणि शाई यांच्यात अंतर पडतं का, ते वेलांटीच्या गोलाईत लगेच कळतं. इंग्रजीत पेन पुढे पळत राहतं, मराठीत ते मागे येतं, वर जातं, खाली उकार देऊन पुन्हा वर येतं. आणि शेवटी शब्दावर आडवी रेघ. काही ॲपमध्ये शब्दावर आडवी रेघ मारणं ही तो खोडण्याची खूण आहे. ज्याने ही खूण ठरवली त्याने आयुष्यात शिरोरेषा पाहिलेली नसावी. मराठी माणूस प्रत्येक शब्द लिहितो आणि लगेच तो खोडण्याचा हुकूम सोडतो, असं त्या ॲपचं मत होत असेल.

हस्ताक्षराचं टंकलिखित करून देणाऱ्या सोयीचंही असंच. गूगलने २०१५ साली हाताने लिहून टाइप करायचं ॲप आणलं तेव्हा त्यात ८२ भाषा होत्या, मराठीही होती. पण टॅबसोबत आलेल्या वहीच्या ॲपला मराठी येतेच असं नाही. ज्याला दहा वर्षांच्या नोट्समधून 'यकृत' शब्द शोधायचा आहे त्याने हे विकत घेण्याआधी तपासावं. ज्याला शोधायचाच नाही, त्याने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, तसाही त्याने नोट्स सोडूनच दिलेल्या असतात.

आता हवामान. आयपॅडच्या माहितीत अ‍ॅपल स्वच्छ लिहिते, की वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं. वर्ध्यात! मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लांबला तर त्याहून पुढे, आपण सगळे कंपनीच्या अटींबाहेर जगत असतो. उन्हात ठेवलेला टॅब पडद्यावर सूचना दाखवून गप्प बसतो, थंड होईपर्यंत कामाला हात लावत नाही. त्याचं बरोबरच आहे. आपल्याकडे सरकारी कार्यालयातही दुपारी हेच होतं, फक्त सूचना दाखवत नाहीत. म्हणून वर्धेकराने टॅबसोबत कव्हर घेण्याआधी कूलर नीट करावा, आणि स्कूटीच्या डिकीत टॅब ठेवून लग्नाला जाऊ नये.

सगळ्यात मजेदार वस्तू मात्र 'कागदासारखा' स्क्रीनगार्ड. काच गुळगुळीत असते, पेन घसरतं, अक्षर बिघडतं. म्हणून काचेवर खरखरीत प्लास्टिक चिकटवायचं. अक्षर सुधारतं, हे खरं, पण खरखरीमुळे पेनाचं टोक झिजतं. मग टोकं अलग घ्या लागतात. म्हणजे आधी कागद सोडायचे पैसे, मग काचेचा कागद करायचे पैसे, मग त्या कागदाने झिजवलेल्या टोकाचे पैसे. आणि हे कुठे चाललंय? ज्या गावात मगनवाडीला गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ हातकागद करायला शिकवत होता त्या गावात. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी १९३८ साली केलं. हातकागद मुळातच खरखरीत असतो, त्यासाठी वरून काही चिकटवावं लागत नाही.

गांधीजींना काच आवडली नसतीच असंही मी म्हणणार नाही. पाठकोऱ्या लिफाफ्यांवर मजकूर लिहिणाऱ्याला पुन्हा पुन्हा पुसता येणारं पान मोहात पाडू शकलं असतं. अडचण दुसरीच आली असती. १९०९ साली किल्डोनन कॅसल बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात दुखला की ते डाव्याने लिहीत. टॅबला 'डावखुरा की उजवा' हे सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. भर समुद्रात ते दर काही पानांनी करत बसले असते तर इंग्रज अजून इथेच असते.

पेन, काच, ऊन सगळं जमलं तरी खरी गोची पुढे आहे. लिहिलेलं सापडत नाही. कोणाचाही टॅब उघडून बघा, वह्यांची नावं 'अनटायटल्ड', 'अनटायटल्ड दोन', 'अनटायटल्ड फायनल'. वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचं शेगाव गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले तेव्हाही शेगावच होतं. टपाल मात्र गजानन महाराजांच्या शेगावला जायला लागलं. तेव्हा १९४० साली त्यांनी गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. कागद बरोबर जागी पोचावेत म्हणून माणसाने अख्खं गाव रीनेम केलं आणि त्याच जिल्ह्यात बसून आपल्याला फायलीला 'शरीरशास्त्र, हृदय' एवढं नाव देववत नाही.

याच सेवाग्रामात १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांनी खादी वापरायची, सुरुवातीलाच आश्रमात शिबिर, सूतकताई, श्रमदान. खादीच्या कुर्त्यातला मुलगा मांडीवर टॅब घेऊन सरांच्या पीडीएफवर पिवळ्या रंगाचा सडा घालताना दिसला तर त्यात विसंगती शोधू नये. अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक पाठीवर वाहण्यापेक्षा ते बरं, आणि मज्जातंतू पिवळा, शिरा निळी, धमनी लाल काढून ती आकृती हवी तेवढी मोठी करता येणं हा टॅबचा खरा, न फुगवलेला फायदा आहे. ज्याचा अभ्यास आकृत्यांचा आहे त्याने टॅब घ्यावा. ज्याचा अभ्यास नुसत्या ओळींचा आहे त्याला साठ रुपयांची वही पुरते. फार तर ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या न चमकणाऱ्या पडद्याचा टॅब बघावा. त्याने डोळे वाचतात आणि रील्सही दिसत नाहीत, म्हणून तो आपल्याकडे कोणी घेत नाही.

विक्रेते हल्ली 'संशोधन' पण सांगतात. हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, असं. हे येतं २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासातून. त्यात कागद-पेनाची तुलना लॅपटॉपच्या कीबोर्डशी होती. काचेवरच्या पेनाचा त्यात संबंधच नव्हता. शिवाय नंतर तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा निकाल तितका ठाम आला नाही.

मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या लेक्चर-नोट्स तर तुरुंगात काढलेल्या आहेत. १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये वर्ध्याहून गेलेले विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. अठरा अध्याय, अठरा बैठका. त्याचंच 'गीता प्रवचने' झालं आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. आजची ॲप लिहिता लिहिता आवाजही रेकॉर्ड करतात, शब्दावर टिचकी मारली की सर त्या क्षणी काय बोलले ते ऐकू येतं. अप्रतिम सोय. तिच्यामुळे वर्गात एकाही सरांचं बोलणं ऐकावं लागत नाही.

यंदा बारावीच्या वर्गात असे पोट्टे-पोट्ट्या भरपूर असतील, ज्यांनी दोन वर्षं सगळं काचेवर लिहिलं. चूक झाली की दोन बोटं टेकवायची, शब्द गायब. फेब्रुवारीत बोर्ड त्यांना देईल छापील रेघांची उत्तरपत्रिका आणि तीन तास. हातात बॉलपेन. तासाभरात मनगट भरून येईल. फिजिक्सचं सूत्र चुकलं की एखादी पोट्टी कागदावर दोन बोटं टेकवून वाट बघेल, आणि मागून पर्यवेक्षक येऊन विचारतील, "पुरवणी पायजे का वो बाई? दोरा संपला आहे, बाजूच्या वर्गातून आणतो."