कुठलंही एक पान ओढा

प्रस्तुत मार्गदर्शन बैठकीच्या जादूगारांसाठी आहे. म्हणजे ज्यांना रंगमंच, धूर आणि करवतीने कापून घ्यायला राजी असलेली साहाय्यिका परवडत नाही. पत्त्यांचा एक कॅट, तीन नाणी आणि सासरचा गोतावळा एवढ्यावर ज्यांना भागवायचं आहे, असे. रंगमंचावरच्या जादूगाराचं बरं असतं. प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं असतं, पैसे वसूल होईपर्यंत ते हलत नाहीत. तुमच्यासमोर सतरंजीवर बसलेला माणूस मात्र जेवणाला अवकाश आहे म्हणून बसला आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की तो उठणार, मग त्याचं पान तुमच्या हातात असो की बाहीत.

सुरुवात कशाने करू नये, हे आधी सांगतो. एकवीस पत्त्यांच्या जादूने. सात-सात पानांचे तीन ढीग करायचे, मनात धरलेलं पान कुठल्या ढिगात आहे ते विचारायचं, तो ढीग मधे घालून पुन्हा पानं वाटायची, असं तीनदा. ते पान शेवटी अकरावं येतं. येतंच. जादूगार पेंगला तरी येतं, प्रेक्षक पेंगले तरी येतं. पण त्यासाठी एकूण 63 पानं एकेक करून मांडावी लागतात, आणि तेवढ्या वेळात समोर काहीही घडत नाही. मतमोजणीतसुद्धा फेरीगणिक कोण आघाडीवर आहे ते कळतं हो. मी हा प्रयोग एका बारशाला केला, तेव्हा दुसऱ्या फेरीअखेर माझ्यासमोर फक्त उत्सवमूर्ती उरली होती, आणि तिला मान वळवता येत नव्हती.

तेव्हा नियम असा: पहिली जादू अर्ध्या मिनिटात संपली पाहिजे, आणि वस्तू शक्यतो त्यांची असावी. तुमचं नाणं नाहीसं झालं तर लोक ‘वा’ म्हणतात. मामांची शंभराची नोट नाहीशी झाली तर मामा पुढे सरकून बसतात, मामी हातातलं काम टाकून येतात आणि पुढची दहा मिनिटं कुणी पापणी लववत नाही. नोट परत देण्याची घाई करू नये. अगदी विसरूही नये.

पान ओढायला कुणाला सांगावं, हा खरा नाजूक भाग. पुस्तकं सगळी मेहनत हातांवर घ्यायला सांगतात. पण बैठकीचे जादूगार बुडतात ते मावशींमुळे. मावशी पान ओढतात, छातीशी धरतात, हसतात, परत देतात आणि विसरतात. तुम्ही घाम गाळून, पत्ते पिसून, नेमकी बदाम सत्ती वर काढता आणि मावशी म्हणतात, “लालच होतं बाई, पण चौकट होती का?” इथे तुमची पाच वर्षांची साधना संपली. उपाय सोपा आहे. पान सगळ्यांना दाखवायला लावा, नाहीतर त्यावर मावशींची सही घ्या. सही घेतली की मावशींनाही आपण काही मोठ्या व्यवहारात असल्यासारखं वाटतं.

दुसरा उपद्रव म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा. तो प्रत्येक घरात असतो, नसेल तर शेजारून येतो. “दुसरा हात दाखवा,” एवढं एकच वाक्य त्याला येतं आणि दुर्दैवाने ते बरोबर असतं. सगळे नजरबंदी-नजरबंदी म्हणतात, पण नजर बांधता येत नाही, नुसती दुसरीकडे पाठवता येते. तुम्ही जिकडे बघाल तिकडे लोक बघतात. तुम्ही प्रश्न विचारलात तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतात. आणि हशा पिकला की क्षणभर कुठेच बघत नाहीत. जे काय हलवाहलव करायची ती तेव्हा. पोरगं मात्र हसत नाही. त्याला पत्ते पिसायला द्या, ‘साहाय्यक’ म्हणा. पद मिळालं की विरोधक गप्प बसतो, हे आपण मोठ्या पातळीवरही पाहतोच.

तिसरे, ‘मला माहितीये, यूट्यूबवर आहे’ म्हणणारे काका. यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या स्लायडिनी नावाच्या उस्तादाने सोय करून ठेवली आहे. एकाला समोर खुर्चीवर बसवायचं आणि कागदाचे बोळे एकेक करून त्याच्या डोक्यावरून मागे भिरकावायचे. त्याला ते हवेत विरल्यासारखे वाटतात. बाकीच्या सगळ्यांना ते मागे पडताना दिसतात. खोली हसून लोळते, काका हातांकडे डोळे फाडून बघत राहतात. हा प्रयोग व्याह्यांवर करू नये. मी केला.

“पुन्हा करा” म्हटलं तर करू नका. कुठलीही जादू तीनदा पाहिली की ओळखतो, अशी हुडिनीची फुशारकी होती. 1922 साली शिकागोत डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराने हुडिनीच्याच सहीचं पान गड्डीत घालून पुन्हा पुन्हा वर आणलं आणि हुडिनीला शेवटपर्यंत उमगलं नाही. पण तो व्हर्नन होता. आपण लग्नात आलेल्या लिफाफ्यांतल्या नोटांवर सराव केलेली माणसं. शिवाय संपवण्यातही कला आहे. 1956 साली बीबीसीवर पी. सी. सरकारांनी करवतीने मुलगी कापली, आणि ती उठून बसायच्या आत निवेदकाने कार्यक्रम आटोपला. मुलगी मेली असं समजून लोकांनी फोन करकरून बीबीसीला हैराण केलं. तुमच्याकडे बीबीसी नाही, पण स्वयंपाकघर आहे. तिथे आधी संधान बांधा. टाळ्या पडताक्षणी आतून “पानं मांडलीत, चला!” अशी हाक आली पाहिजे. आमच्याकडे हे काम वहिनी करतात; त्याबद्दल त्यांना प्रयोगात कधी पान ओढायला लावायचं नाही, असा करार आहे.

आणि हे सगळं कुणाकडून शिकायचं? पुस्तकांकडून थोडं, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या गारुड्याकडून जास्त. लहानपणी आम्ही त्याच्या रिंगणात उन्हात तासन्‌तास उभे राहिलो. टोपलीत साप, खुंटीला मुंगूस, आणि ‘आता लढाई लावतो’ हे वचन. मग नाणं, मग आंब्याची कोय, मग ताईत, मग पुन्हा ‘आता लावतो’. मी ती लढाई आयुष्यात कधी पाहिली नाही, आणि पाहिलेला माणूसही मला अजून भेटायचा आहे. तरी घरी जायची छाती कुणाची नव्हती.

म्हणून मी प्रयोगाआधी सतरंजीच्या कडेला झाकण घट्ट लावलेला श्रीखंडाचा एक डबा ठेवतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मधूनच त्याच्याकडे थोडं काळजीने बघतो. बस्स. तो डबा अकरा वर्षं माझ्याबरोबर फिरतो आहे आणि त्यात काहीही नाही. आपण आमच्याकडे आलात तर कृपया हे कुणाला सांगू नका.