एजंटाला सापडलेला जीआर

एआय एजंटांना सरकारी नियम शोधून देणारी साधने आता निघाली आहेत. उत्तम. असा एखादा एजंट महाराष्ट्राच्या शासन निर्णयांवर जरूर सोडावा. प्रत्येक जीआरला १८ आकडी संगणक संकेतांक असतो, त्यातले पहिले ८ आकडे तारखेचे. तेव्हा कागद सापडायला अडचण नाही. अडचण असते ती वरच्या ‘वाचा’ या मथळ्याखाली. तिथे जुन्या निर्णयांची यादी असते. माणसे ती वाचत नाहीत, म्हणून तर शहाणी राहतात. एजंट पडला आज्ञाधारक, तो खरोखरच वाचणार! एका निर्णयातून दुसऱ्यात, तिथून तो अधिक्रमित करणाऱ्या तिसऱ्यात, मग शुद्धिपत्रकात, आणि नशीब जोरावर असेल तर शुद्धिपत्रकाच्या शुद्धिपत्रकात. एवढे करून राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघालेला, डिजिटल स्वाक्षरीचा, आजही लागू असलेला जीआर तो काही सेकंदांत अर्जदाराच्या मोबाईलवर ठेवील. अर्जदार तो घेऊन खिडकीपाशी जाईल. आतले साहेब चष्मा वर सरकवून म्हणतील, “हा आमच्याकडे आलेलाच नाही. वर मार्गदर्शन मागवलंय. पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा. आणि हो, येताना याची झेरॉक्स आणा, दोन प्रतींत.”