फुकटच्या पाठवणीचा हिशोब

बँकेतून परदेशी पैसे पाठवायला आता काहीही शुल्क लागत नाही. हे आम्हाला बँकेनंच सांगितलं, छापील कागदावर, ठळक अक्षरांत. त्यामुळे आमची तक्रार शुल्काबद्दल नाही. जे घेतलंच जात नाही त्याबद्दल कोण कशाला कुरकुर करील? तक्रार आहे ती या फुकट झालेल्या कामासाठी खात्यातून गेलेल्या पैशांबद्दल.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या निमगाव सावाचा माणूस कापाकापीला घाबरत नाही. आळेफाट्याच्या बाजारात कांदा नेला की पट्टी हातात पडते. तीत हमाली असते, तोलाई असते, गाडीभाडं असतं. भाव कोसळला असेल तर या सगळ्यांची बेरीज कांद्याच्याच अंगावर येते. पण प्रत्येक कपातीला नाव असतं आणि नावापुढे आकडा असतो. शिव्या नेमक्या कोणाला द्यायच्या ते कळतं. बँकेच्या कागदावर ती सोय नाही.

मुलगी जर्मनीत शिकते. तिकडे शिकायला जायचं तर वर्षाच्या राहण्या-खाण्याची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. हजार नाही, ९९२. जर्मनांना पोरीचा महिन्याचा खर्च शेवटच्या युरोपर्यंत ठाऊक आहे, याचं आम्हाला कौतुकच वाटतं. आमच्या शाखेला, दिलेल्या रुपयांचे किती युरो पोहोचतील, एवढंसुद्धा सांगता येत नाही.

आता भावाचं बघू. समजा टीव्हीवर युरो १०० रुपये दिसतोय आणि पाठवायचेत ५,००० युरो. टीव्हीवरचा भाव हा बँकांनी आपापसात करायच्या घाऊक सौद्याचा. तो आपण नुसता बघायचा असतो. आपल्याला लागतो तो ‘टीटी सेलिंग’ नावाचा भाव, समजा १०२. त्याच सकाळी पोरीनं तेच युरो माघारी पाठवले, तर तेच टेबल ते ९८ ला घेईल. म्हणजे ५,००० युरोंवर १०,००० रुपये शंभर आणि एकशे दोनच्या फटीत गेले. हे शुल्क नव्हे. हा दर आहे. दराबद्दल विचारलं तर काउंटरवरचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणतो, “काका, तो वरून येतो.” पाऊसही वरूनच येतो, त्यामुळे पुढे बोलता येत नाही.

खरी गंमत जीएसटीची. परकीय चलनाच्या सेवेवर कर लावायचा, पण बँक तर म्हणते आम्ही काही घेतलंच नाही. मग सरकारनं एक कोष्टक केलंय. पहिल्या लाखावर सेवेची किंमत १,००० रुपये समजायची, पुढच्या रकमेवर, १० लाखांपर्यंत, अर्धा टक्का. आपल्या ५,१०,००० रुपयांवर ती होते ३,०५० आणि तिच्यावर १८ टक्के, म्हणजे ५४९ रुपये कर. तेव्हा एकाच कामाच्या तीन किमती झाल्या. बँकेच्या मते शून्य, सरकारच्या मते ३,०५०, आणि आमच्या पासबुकाच्या मते १०,०००. तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही, ही या धंद्याची सचोटी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं फक्त वेळ जातो. गावाकडची प्रत्येक शाखा परदेशी व्यवहार करत नाही. कागद पुण्याला जातात. ए-२ नावाचा फॉर्म भरायचा आणि त्यात कारणाचा संकेतांक टाकायचा. शिक्षणाला एस ०३०५, कुटुंबाच्या निर्वाहाला एस १३०१, भेटीला एस १३०२. पोरगी शिकतेही, जेवतेही, आणि दिवाळीला आम्ही तिला दोन पैसे जास्तही देतो. पण एका फॉर्ममध्ये तिनं यातलं एकच करायचं असतं.

रक्कम मोठी झाली की टीसीएस नावाचा कर पाहुणा म्हणून येतो. ऑक्टोबर २०२० पासून तो आहे, तेव्हा मर्यादा वर्षाला ७ लाखांची होती. एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झाली, आणि बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून फी पाठवली तर तो येतच नाही. स्वतःचा कांदा विकून पाठवली तर मात्र येतो. कर्जबाजारी माणसावर एवढा विश्वास टाकलेला आम्ही प्रथमच पाहिला. कापलेले पैसे परत मिळतात हे खरं, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून ज्यानं जन्मात विवरणपत्र भरलं नाही, त्यानं आता आपलेच पैसे मागायला सीए गाठायचा.

आणि एवढं सगळं होऊन पैसे निघतात. निघतात म्हणजे निरोप निघतो. बेल्जियममध्ये १९७३ साली स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था पैसे नेत नाही, बँकांचे निरोप नेते. आपली बँक आणि पोरीची बँक एकमेकींना ओळखत नसतील तर मध्ये तिसरी उभी राहते, आणि ती ओळख करून दिल्याचे पैसे घेते. संध्याकाळी फोन येतो, “पप्पा, ४,९८२ आलेत.” विद्यापीठाला ५,००० हवेत. १८ युरो कुठं गेले? आमची बँक म्हणते आम्ही पूर्ण पाठवले, तिची म्हणते आम्हाला एवढेच मिळाले. इथून जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी त्या टिपतात. १८ युरोंचा माग लावणारं यंत्र अजून तालुक्यात आलेलं नाही.

तालुक्याला परदेशी व्यवहार नवा आहे, असंही कोणी म्हणू नये. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. नाणेघाटात जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आजही आहे; भर वाटेवर, सगळ्यांना दिसेल असा. नाशिकच्या लेण्यांत तर उषवदात नावाच्या दात्यानं सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण होतात, एका सुवर्णाला पस्तीस, असा भाव भिंतीवर कोरून ठेवलाय. जवळजवळ एकोणीसशे वर्षं झाली, तो बँकेच्या दरासारखा दुपारी दोननंतर बदललेला नाही.

मुंबईच्या गिरण्यांतून आणि डबेवाल्यांकडून आमच्या जुन्नर-आंबेगावात मनिऑर्डरी येत, तेव्हा पोस्ट २० रुपयांमागे १ रुपया कमिशन घेई. पाच टक्के, म्हणजे आजच्या बँकेपेक्षा महाग. पण ते पाठवणाऱ्याकडून वेगळे मागून घेई, आणि म्हातारीच्या हातात पोस्टमन लिहिलेली रक्कम पुरी मोजे. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत स्थलांतरितांचा घरी पैसे पाठवण्याचा खर्च ३ टक्क्यांखाली आणायचं ठरवलंय. जगाची सरासरी अजून ६ च्या वर आहे. घरून स्थलांतरिताकडे पैसे पाठवणाऱ्या बापाचा त्या ठरावात उल्लेख नाही. बहुधा त्यांना वाटलं असावं, असा बाप नसतो.

तेव्हा ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांनी एवढं करावं. शुल्क किती, हे विचारूच नये. उत्तर शून्य आहे. फी भरायची असेल तर फॉर्मवर मधल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्यानं सोसायचा तो ‘अवर’ पर्याय निवडावा. रक्कम कमी पोहोचली तर स्विफ्टच्या निरोपाची प्रत मागावी. आणि सही करण्याआधी एवढंच लेखी घ्यावं: माझ्या खात्यातून एकूण रुपये किती जाणार आणि तिकडे युरो किती पडणार? पहिल्याला दुसऱ्यानं भागा. येईल तोच तुमचा खरा भाव, आणि दोन बँकांची तुलना करायची ती त्याच आकड्यावर.