रिकामेपणाचे सागरी व्यवस्थापन

गुरुग्राम हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, अरवलीच्या कुशीत वसलेले शहर असून, पावसाळ्यात हिरो होंडा चौकात साचणारे पाणी वगळल्यास जलप्रवासाची तेथे कोणतीही सोय नाही. तरीही सायबर सिटीच्या काचेच्या इमारतींत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांत क्रूझविषयी, म्हणजे कोठे पोहोचण्यापेक्षा जहाजावर राहण्यासाठीच केलेल्या सागरी सहलीविषयी, जी ओढ आढळते, तिचा उलगडा भूगोलापेक्षा अर्थशास्त्रातून अधिक चांगला होतो.

या सहलीचा उगमच मुळी आळसाच्या तिटकाऱ्यात आहे. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू घटत आणि मोठाली जहाजे धक्क्याला बसून राहत, हे सहन न झाल्याने हॅम्बुर्गचे जहाज व्यावसायिक आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी 1891 मध्ये ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज हौशी प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला धाडले. जहाज रिकामे राहू नये म्हणून माणसांना रिकामे करण्याचा हा उद्योग, हाती प्रकल्प नसलेल्या पगारी कर्मचाऱ्याच्या अवस्थेला ‘बेंच’ म्हणून तिची धास्ती घेणाऱ्या गुरुग्रामला कळायला अवघड नाही.

या कुटुंबांच्या कोकणातील पूर्वजांना मात्र तो कळला नसता. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटीच्या डेकवर वळकटी पसरून बसलेला उतारू रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरे मोजत असे, आणि बोट खोल पाण्यात थांबली की होडीवजा पडावात उतरून किनारा गाठत असे. बंदर लवकर यावे एवढीच त्याची समुद्राकडून अपेक्षा होती. त्याचा नातू मात्र दिवसभर एकही बंदर लागू नये यासाठी पैसे मोजतो, आणि अशा बंदरहीन दिवसाला ‘सी डे’ असे म्हटले जाते.

1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने पाण्यात उतरलेले आणि 2021 पासून मुंबईहून सहली करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज लक्षद्वीपला निघाले, की मधले अंतर सुमारे 500 सागरी मैलांचे पडते. सागरी मैल 1,852 मीटरचा असतो आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. म्हणजे 16 नॉटच्या चालीने तीस तासांहून अधिक काळ प्रवाशाला करण्यासारखे काहीही नसते, आणि नेमके हेच त्याला सोसत नाही. दिवसाचा कार्यक्रम हाती पडताच योग, तांबोळा, नृत्यवर्ग आणि जादूचे प्रयोग यांचे वेळापत्रक आखले जाते, एकाच वेळी येणाऱ्या दोन कार्यक्रमांसाठी पती-पत्नींत कामाची वाटणी होते, आणि तरणतलावाकाठच्या आरामखुर्च्या न्याहारीपूर्वीच टॉवेल टाकून धरल्या जातात, ज्यात एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याची थोर परंपरा अबाधित राहिलेली दिसते. जेवण तिकिटातच धरलेले असल्याने भूक हा निकष गौण ठरून वसुली हा प्रधान ठरतो.

या कार्यक्षमतेत खंड पाडणारी एकच शक्ती म्हणजे बोट लागणे. आतल्या कानातील तोलाचे इंद्रिय शरीर हलत असल्याचे सांगते, खोलीत बसलेले डोळे सारे स्थिर असल्याचे सांगतात, आणि या परस्परविरोधी अहवालांचा निवाडा पोट करते. उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहत स्वस्थ बसणे हा त्यावरचा जुना उपाय होय. परिणामी सहलीच्या जाहिरातीत वर्णिलेली विश्रांती बहुधा याच रुग्णांच्या वाट्याला येते.

उरलेल्यांची निराळी अडचण होते. किनारा दूर गेला की मोबाइलचे जाळे तुटते आणि वरिष्ठांचा आवाज बंद होतो, परंतु अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी 1899 मध्येच दाखवून दिल्याप्रमाणे प्रतिष्ठेसाठी निवांतपणा नुसता असून भागत नाही, तो इतरांना दिसावा लागतो. म्हणून तो दाखवण्यापुरते जहाजावरील महागडे वाय-फाय विकत घेतले जाते, आणि छायाचित्रे ज्या वाटेने बाहेर जातात त्याच वाटेने कार्यालयाच्या बैठकीचे निमंत्रण आत येते. बैठक डेकवरूनच पार पडते, पार्श्वभूमीचा अरबी समुद्र कृत्रिम असल्याचे सर्वांना वाटते, आणि सहलीनंतर शीण घालवण्यासाठी आणखी एका दिवसाची रजा मागितली जाते.

बालिन यांचा हेतू अशा रीतीने त्यांच्या अपेक्षेपलीकडे सफल झाला आहे. ‘सी डे’ला जहाज चालत असते, खलाशी राबत असतात आणि प्रवासी तर सर्वांहून अधिक राबत असतात. तळ फार खोल असल्यामुळे दिवसभर खरोखर रिकामा राहतो तो नांगर, आणि त्याला तिकीट पडत नाही.