खुळ्या मिस्त्रीची बाजू

किनाऱ्यावर ज्याला खुळा म्हणतात असा एक मिस्त्री असतो. त्याची बाजू मांडायला कोणी पुढे येत नाही, म्हणून ती मी मांडतो. मालवण, देवबाग, तारकर्लीच्या पट्ट्यात फायबरच्या होड्यांना मागे आऊटबोर्ड इंजिन लावलेलं असतं. होडीवाला घाईघाईत येतो आणि सांगतो, "मशीन आराडता, पण होडी पुढे जाणा नाय." भरती निघून चाललेली असते, पर्यटक वाळूत ताटकळलेले असतात. हा माणूस मात्र पाना उचलण्याआधी विचारतो: होडीत कोण कुठे बसलं होतं? वळतानाच इंजिन ओरडतं की सरळ जातानाही? हळू चालवलं तर होडी जाते का? इंजिनातून पाण्याची धार पडते का?

होडीवाल्याला वाटतं, याला काम येत नाही म्हणून हा गप्पा मारतोय. शेजारचा हुशार मिस्त्री एव्हाना लोअर, म्हणजे इंजिनाचा तळाचा गिअरचा डबा, खोलून बसला असता.

या चारही प्रश्नांना अर्थ आहे. आऊटबोर्डमध्ये इंजिनाची ताकद उभ्या शाफ्टने खाली उतरते. तिथे एक छोटा पिनियन दोन मोठ्या गिअरना फिरवतो, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे येण्यासाठी. दोन्ही सतत फिरत असतात. त्यांच्यामध्ये दातेरी क्लच असतो. तो ज्या गिअरमध्ये जाऊन अडकतो त्या दिशेला पंखा फिरतो. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ साली दीड हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड विकायला काढलं, तेव्हाही उभा शाफ्ट आणि तळाशी तिरक्या दातांचे गिअर हीच मांडणी होती. त्याच्या नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० साली थांबलं, मांडणी मात्र आजही तीच आहे. म्हणजे 'इंजिन ओरडतंय, होडी चालत नाही' या तक्रारीचं कारण वरपासून खालपर्यंत या साखळीत कुठेही असू शकतं, किंवा साखळीच्या पार बाहेर.

बाहेरची कारणं आधी तपासायची, हा त्याचा पहिला खुळेपणा. सगळे प्रवासी डॉल्फिन बघायला नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे गेले, की होडीची मागची बाजू उचलली जाते, पंख्यात हवा शिरते, त्याला पाणी सापडत नाही आणि इंजिन भणाणतं. इंजिन मागच्या फळीवर जास्त उंच बसवलं असेल तर वळताना आणि लाटेवर हेच होतं. यात मोडलेलं काहीही नसतं. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या साधारण रेषेत आणली आणि माणसं नीट बसवली की काम झालं. अशा कामाचे पैसे काय मागणार?

पुढचा प्रश्न हळू चालवण्याचा. किनाऱ्यापासून होडी व्यवस्थित निघते, पण जोर दिला की इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग तिथेच राहतो, तेव्हा पहिला संशय पंख्याच्या रबरी बुशावर घ्यावा. पंखा शाफ्टवर थेट बसवलेला नसतो, मध्ये रबर असतं. पंखा खडकावर आपटला तर आधी ते सरकावं आणि वरचे महागडे गिअर वाचावेत, अशी ती सोय आहे. बऱ्याच लहान इंजिनांत त्याऐवजी मऊ धातूची पिन असते, मोडण्यासाठीच घातलेली. ती मोडली की तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. पुढच्या वेळी आपटलं की खिळा टिकतो आणि गिअर जातो. खुळा मिस्त्री पंख्याच्या नाभीवर, आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत, रंगाची एक सरळ रेघ ओढतो आणि होडी पूर्ण जोरात फिरवून आणायला सांगतो. परत आल्यावर रेघ दोन ठिकाणी दिसली, की बुश सरकला. संपूर्ण तपासणीचा खर्च रंगाच्या एका थेंबाचा. लोक हसतात ते या रेघेलाच, आणि मला ती संपूर्ण धंद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पाण्याच्या धारेचा प्रश्न तर बुद्धीचा कळस आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं इम्पेलर त्याच उभ्या शाफ्टवर बसलेलं असतं. इंजिन चालू आहे, होडी हलत नाही आणि मागून धार मात्र जोरात पडते आहे, तर शाफ्ट निदान पंपापर्यंत फिरतो आहे. दोष त्याच्या खाली शोधायचा. धारही बंद असेल तर शाफ्टच्या वरच्या टोकाचे दाते घासून गेले असण्याची शक्यता मोठी, आणि मग इंजिन क्षणभरही चालू ठेवायचं नाही, कारण ते तापून जाईल. पण त्याआधी तो बारीक तार घेऊन धारेचं भोक साफ करतो. इथल्या कर्ली नदीच्या मुखाशी वाळू कमी नाही. भोक वाळूने बुजलं असेल तर हा सगळा तर्क खोटा ठरतो, हे त्याला ठाऊक आहे.

मग तो चावी काढतो, प्लगच्या वायरी काढतो, आणि पंखा हाताने फिरवू लागतो. न्यूट्रलमध्ये तो मोकळा फिरला पाहिजे. बहुतेक इंजिनांत पुढच्या गिअरमध्ये टाकला की एका बाजूला अडतो आणि दुसऱ्या बाजूला कटकट करत सुटतो. मागच्या गिअरमध्ये दोन्हीकडे अडतो. दांडा पुढे ढकलूनही पंखा मोकळाच फिरत असेल तर आधी केबल आणि तिचे जोड बघायचे, गिअर नव्हे. हाताला सगळं बरोबर लागतं, पण जोर दिल्यावर दणका देत गिअर सुटतो, तेव्हा क्लचच्या दातांच्या कडा गोल झालेल्या असतात. त्या गोल होतात हळूहळू गिअर टाकल्याने. इंजिनाला त्रास नको म्हणून पुष्कळजण दांडा अलगद सरकवतात, आणि तेवढा वेळ दात दातांवर घासत राहतात. इंजिन अगदी मंद ठेवून दांडा एका झटक्यात, 'खट्' असा टाकायचा असतो. हे सांगणाऱ्या माणसाला राकट म्हणतात. तो राकट नाही, त्याला दातांची काळजी आहे.

शेवटी तेल. होडी रात्रभर उभी राहिल्यावर तो सकाळी तळाचा स्क्रू जरासा सैल करतो. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून लोअरमध्ये शिरलेलं पाणी आधी बाहेर येतं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तरी अर्थ तोच. स्क्रूच्या चुंबकावरची करडी, लोण्यासारखी भुकटी ही नेहमीची झीज असते; चिमटीत धरता येईल असा कीस निघाला तर मात्र गिअर किंवा बेअरिंग गेलं, आणि मग लोअर खोलावंच लागतं. नुसतं तेल बदलून होडी परत पाठवणं ही फसवणूक आहे, कारण पाणी कुठून आलं ते तसंच राहतं. तो पंखा काढतो. पंख्यामागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेला सापडतो, त्याने सील कापलेलं असतं. नाही सापडला तर तेल काढून तो लोअरमध्ये हातपंपाने थोडी हवा भरतो, ते पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसतो. कधी दोष स्क्रूच्या जुन्या वायसरचा असतो. नवं तेल तो खालच्या भोकातून वर चढवतो, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही.

हे सगळं होईस्तोवर हुशार मिस्त्रीने गिअरचा सेट मागवलेला असतो. पिनियन आणि गिअर यांच्यातलं अंतर पातळ चकत्यांनी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवलेलं असतं. ते न मोजता खोलून पुन्हा बसवलेलं चांगलं लोअर काही दिवसांत कण्हू लागतं. बुश सरकलेल्या होडीचे गिअर बदलले जातात, बुश तसाच राहतो, आणि मालक म्हणतो, एवढा खर्च केला तरी इंजिनात दम नाही. मला या गोष्टीचा राग येतो. कर्ज काढून घेतलेलं इंजिन असतं आणि पावसाळ्याआधीचे कमाईचे दिवस मोजके असतात.

तरी दोष एकट्या हुशार मिस्त्रीचा म्हणता येत नाही. सुट्या भागाचं बिल होतं, म्हणून त्याचे पैसे मिळतात. नुसतं शोधून काढण्याचं बिल आपल्याकडे कोणी देत नाही. "काय केलंस? रेघ ओढलीस!" एवढं म्हणून चहावर बोळवण होते. खुळ्या मिस्त्रीला हे पक्कं माहीत असतं. आपण जितकं अचूक शोधू तितकी आपली कमाई कमी होणार, हे समजूनही तो आधी रेघ ओढतो, म्हणूनच त्याचा खुळेपणा मला मोठा वाटतो.

आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि इंजिनं काढून शेडमध्ये ठेवली जातात. लोअरमध्ये पाणी असेल तर त्या दोन महिन्यांत बेअरिंगला गंज चढतो. मे महिना संपण्याआधी पंखा काढून घ्या, तेल बघून घ्या. मिस्त्रीने एकही भाग न बदलता दोष दाखवला, तर त्याच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवा.