पुणे ते दापोली, व्हाया टॅपेट

पुण्याहून दापोलीला जायचे रस्ते तीन-चार आहेत आणि त्यातला बरा कोणता यावर दोन दापोलीकरांचंसुद्धा एकमत होत नाही. मी ताम्हिणीचा धरतो. पिरंगुट, पौड, मुळशीचं पाणी, घाट, निजामपूर, माणगाव, लोणेरे, आंबेत, मंडणगड, दापोली. या खेपेला चांदणी चौक मागे पडतो न पडतो तोच गाडीच्या पोटातून आवाज यायला लागला. चाळीसच्या खाली काही नाही, पन्नासच्या वर काही नाही. मधल्या दहात मात्र पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवतंय असा. गाडी शंभर सीसीची, एका सिलिंडरची, वयात आलेली, पण स्वतःच्या तब्येतीबद्दल आजवर चकार शब्द न काढणारी.

आपल्याकडे वाजणाऱ्या गाडीला वैद्य शोधावा लागत नाही. पिरंगुटपर्यंतच एकानं शेजारून जाता जाता "दादा, स्टँड!" म्हणून ओरडून घेतलं. स्टँड वर आहे हे मी दाखवल्यावर तो नाराज झाला आणि "मग चेन!" असं म्हणून पुढे गेला.

पौडच्या अलीकडच्या गॅरेजवाल्यानं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून ऐकलं.

"टायमिंग चेन. इंजिन उतरवायला लागंल. आज सोडून जावा, परवा न्या."

"परवा मी दापोलीत असणार."

"मग हळू जावा," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीचं ऐकायला लागला.

घाटात भाजलेल्या कणसाच्या टपरीवर एका मोटारवाल्या गृहस्थांनी पेट्रोलला दोष दिला. भेसळीमुळे नॉकिंग होतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधीच फटाक्यासारखं पेटतं, हे त्यांनी नीट समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण नॉकिंग चढावर, इंजिनावर ताण आला की होतं. माझी गाडी उताराला, थ्रॉटल सोडलेला असतानाही तितक्याच मनापासून वाजत होती. हे सांगेपर्यंत गृहस्थ भेसळीवरून पेट्रोलच्या दरावर आणि दरावरून दिल्लीला पोचले होते. मी कणीस संपवलं. निजामपूरच्या पुढच्या सपाट रस्त्यावर इंजिन बंद करून गाडी नुसती पळवून पाहिली. चिडीचूप. म्हणजे चोर इंजिनातच, असं मी ठरवून टाकलं.

लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथल्या चहाच्या टपरीवर इंजिनिअर मुबलक. एक मुलगा कटिंग हातात धरून म्हणाला, "काका, हे स्पीडवर नाही, आरपीएमवर आहे. तिसऱ्या गिअरला बघा, कमी स्पीडलाच येईल. न्यूट्रलला रेस करा, उभ्या गाडीतही येईल." दोन्ही खरं निघालं. मग त्यानं सांगितलं, की इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या मारत असेल तर गाडीला सेकंदाला ६७ च्या आसपास हादरे बसतात, आणि ज्या वस्तूची डोलायची मूळची लय तेवढीच, ती वस्तू नेमकी तेवढ्यापुरती नाचते. "रेझोनन्स, काका. इंजिनच असेल असं नाही." टपरीवाला आतून ओरडला, "टॅपेट आहे ते, टॅपेट!" त्याचा आवाज मोठा होता. सर्वांनी टॅपेटला मान डोलावली. सावित्रीवरचा आंबेतचा पूल ओलांडून मी टॅपेटसह रत्नागिरी जिल्ह्यात शिरलो.

दापोलीचे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. तेव्हा मामांचा जन्मही झाला नव्हता, तरी तिचं इंजिन कसं वाजत होतं हे ते करून दाखवतात. मी खळ्यात शिरायच्या आतच ते पडवीतून खाली उतरले होते.

"येऊ नकोस पुढे. तिथंच उभी कर. रेस कर. आणखी. बंद कर. चहा घे."

चहा होईपर्यंत मामांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला, त्याच घराण्यातली ही विद्या. अडचण एवढीच, की पोलादातून आवाज हवेच्या पंधरापट वेगानं पळतो. कुठेही खुट्ट झालं तरी चेसिसभर पसरतं आणि स्क्रू ड्रायव्हरला सगळीकडेच ऐकू येतं. मामांना सगळीकडेच ऐकू आलं.

पण माणूस पद्धतशीर. टॅपेट टिकटिकतात, तेही इंजिनाच्या निम्म्या लयीत. टायमिंग चेन खरखरते आणि थ्रॉटल सोडला की जास्त. क्लचची खडखड लिव्हर दाबला की थांबते. पिस्टन थंड असताना वाजतो, तापला की सुधारतो. "आणि बिगेंडचा ठोका," मामा आवाज खाली आणून म्हणाले, "तो लोडवर येतो. खोल. त्याचं नाव घ्यायचं नाही." क्लच दाबला, फरक नाही. ऑइलची पातळी ठीक. इंजिन गार झाल्यावर टॅपेटची झाकणं उघडली, फ्लायव्हील फिरवून 'टी'ची खूण खाचेसमोर आणली आणि फिलर गेज घातला. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ही फट ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. शेजारचे दोघे केस बघायला वाकले. फट जरा जास्त निघाली, खळ्यात समाधान पसरलं, फट बसवली, झाकणं लावली, किक मारली. सुपाऱ्या जागच्या जागी.

"बिगेंड," मामांनी नाव घेतलं. "क्रँक काढावा लागेल."

"क्रँक पळून जात नाही, मासळी संपते," मामी म्हणाली. "चल रे, हर्णैला सोड मला. लिलाव सुरू झाला असेल."

मामी मागे एका बाजूला बसली. दोन्ही पाय साडी गार्डच्या पायरीवर, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी. आसूदचा उतार, पुढची वळणं, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. आवाज नाही. मी मुद्दाम पंचेचाळीसला धरून ठेवली. समुद्र ऐकू आला, गाडी नाही.

"कसला आवाज म्हणतोस तू?" मामी म्हणाली. "तुझ्या कानात घाटातलं वारं गेलंय."

हर्णैला समोर सुवर्णदुर्ग, गुडघाभर पाण्यात बैलगाड्या आणि सुरमईच्या ढिगाभोवती भांडणवजा बोली. मामी त्यात घुसली. मी गाडी वळवून लावायला गेलो आणि रिकाम्या गाडीत सुपाऱ्या पुन्हा हजर. परत येताना पुन्हा गप्प.

मामांनी हे ऐकून पाना खाली ठेवला. "लोड पडल्यावर बिगेंड वाढतो. कमी होत नाही." ते स्वतः मागे टांग टाकून बसले आणि आम्ही आझाद मैदानापर्यंत चक्कर मारली. दणदणीत आवाज. मामा मामीपेक्षा वीसेक किलोनं जड, म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हता. मामीला बसवलं, गप्प. मामांनी इतक्या लक्षपूर्वक मामीकडे लग्नानंतर प्रथमच बघितलं असावं. अखेर त्यांची नजर तिच्या पायांवर स्थिरावली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १२३ सांगतो, की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं हवं. त्या नियमाच्या कृपेनं माझ्या गाडीला साडी गार्ड होतं. साडी मात्र कधी लाभली नव्हती. गार्डचा खालचा बोल्ट कधीच गळून गेला होता आणि ठरावीक आरपीएमला गार्ड ब्रॅकेटवर आपटत होतं. मामांनी इंजिन रेस करून ठेवलं आणि गार्डवर तळहात दाबला. खळं शांत झालं. लोणेऱ्याच्या त्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं.

एसटीच्या डब्यातून सहा मिलिमीटरचा बोल्ट निघाला, स्प्रिंग वॉशर निघाला, आणि मधे घालायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. बॅटरी मामीनं धरली. शेजाऱ्यांना मामांनी टॅपेटमुळेच आवाज गेला असं सांगितलं.

तेव्हा तुमच्या इंजिनातून असा आवाज आला, तर ते उतरवायला देण्याआधी मामीला एका बाजूला बसवून एक फेरी मारून बघा. मामी जवळ नसेल, तर दहा-अकराचा पाना घेऊन बाहेरचे बोल्ट आवळत सुटा.